ओट्यावरून दिवे दिसतात

माझा मेव्हणा पाणवठ्यावर बसून बायकांचं धुणं बघायचा.

त्यात वाईट काही नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा गावातल्या चार बाया आमच्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्यातली थोरली म्हणाली, "तुमच्या पाव्हण्याला आवरा. रोज सकाळचं दगडावर येऊन बसतंय. बोलत न्हाई, चालत न्हाई. नुसतं कापडं बगतंय."

"कापडंच बगतोय ना?"

"मंग? आमच्याकडं बगितलं आसतं तर आमीच आवरलं आसतं. कापडाकडं बगनाऱ्याचं काय करायचं, ह्ये कुनाला ठावं?"

मी गेलो. खरंच बसला होता. अंगात काळा लोकरीचा कोट, खाली धोतर, पायात बूट आणि मोजे नाहीत. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, फोटो काढायला बसतात तसा. माझी बायको चार दगड पलीकडं आमच्याकडं पाठ करून धूत होती.

"पाव्हणं, हितं काय करताय?"

"बसलोय, दाजी. आजून अर्धं धुनं ऱ्हायलंय."

मी त्याला दंडाला धरून उठवला. कोटाची बाही कोपरापर्यंत ओली होती. ती कशानं ओली, ते मी विचारलं नाही. बायकोनं मागं वळून बघितलं नाही.

अर्धं धुणं म्हणजे किती, ते सांगतो. वेळ मोजायची ही त्याची तऱ्हा. मनगटावर घड्याळ होतं, ते बंद. रोज पुसून बांधायचा, पण वेळ सांगायचा धुण्यात. भात शिजायला एक धुणं. एसटी पौडला पोचायला दोन धुणी. देवळातली आरती पाव धुणं. सरपंच बोलायला उठला की हा शेजारच्याच्या कानात म्हणायचा, "तीन धुनी तरी जातील." लोक हसायचे. मग लोकही तसंच बोलायला लागले. आता तो नाही, तरी एसटीच्या थांब्यावर कुणीतरी म्हणतं, अजून अर्धं धुणं दिसतंय.

दुसरी खोड खिशांची. कुणीही घरात आलं की हा त्याच्या सदऱ्याचा खिसा उलटा करून बघायचा. एकदा तलाठी भाऊसाहेब आले. ते टेकले नाहीत तोवर याचा हात त्यांच्या खिशात.

"अरे, काय करतोस?"

"बिडी ऱ्हायलीया का बगतोय. येका बिडीनं समद्यांच्या कापडाला वास लागतो."

"माझे कपडे तू धुणार आहेस का?"

"कुनीतरी धुनारच की भाऊसाहेब. त्या बाईवर दया करा."

सोयरिकीच्या बोलण्यात त्याला कुणी बसवत नसे, तरी येऊन बसायचा. मुलाची शेती किती, भाऊ किती, हे सगळं झालं की हा विचारायचा, "रंग सोडतंय का पोरगं?" त्याच्या मते माणसं तीन जातीची. एक पहिल्या पाण्यात रंग सोडतात आणि मग ठीक राहतात. दुसरी रंग सोडतच राहतात, शेजारच्यालाही डाग लावतात. तिसरी रंग सोडत नाहीत, पण जरा गरम पाणी लागलं की आटतात. माझ्याबद्दल तो बहिणीला म्हणाला होता, "दाजी रंगाचा पक्का मानूस हाय. पर आटतो, बाय." हे तिनं मला लग्नाच्या कितव्या तरी वर्षी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. म्हणजे मी आटलोच.

ती गेल्या माघात गेली. न्यायच्या आधी बायकांनी तिच्या हातात विडा द्यायला बोटं उघडायला घेतली, तर उघडेनात. एकीनं जोर केला. मी म्हणालो, ऱ्हाऊ द्या. विडा तसाच मनगटाशी सुतळीनं बांधला. तेव्हापासून हा मेव्हणा माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्याबद्दल लिहायला बसलो तर हात थांबतो. याच्याबद्दल लिहिता येतं, म्हणून लिहितो.

दोघं बहीणभाऊच. त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ती लहान होती आणि हा मिशा फुटलेला. हा मुंबईला गेला आणि तिथून बोटीवर चढला. ती मामाकडं वाढली आणि माझ्या घरात आली. त्यामुळं तिला माहेर नव्हतं आणि त्याला परत यायला घर नव्हतं. दोघांचं जे काही होतं ते आमच्या पाणवठ्यापासून आत, तळाशी. त्या पाण्यात ती चाळीस वर्षं माझी धोतरं धूत होती.

बोटीवर तो कपडे धुवायच्या खात्यात होता. लढाईनंतर ती बोट मोडीत निघाली आणि हा विलायतेतल्या एका बंदराच्या गावात राहिला. कारखान्यात पिंपं धुवायचं काम मिळालं. राहायला एका म्हातारीच्या घरात खोली. दर शनिवारी पिशवीत कपडे भरून हा धुण्याच्या दुकानात जायचा. हे दुकान काय प्रकार आहे, ते त्यानं मला इतक्यांदा सांगितलं की मी स्वतः जाऊन आल्यासारखं झालं.

"लांबडी खोली, दाजी. भितीला रांगेनं मशिनी, परत्येकीच्या तोंडाला गोल काच. कापडं आत कोंबायची, नानं टाकायचं, दार लावायचं. आन समोर बाक. बाकावर बसायचं."

"बसून काय करायचं?"

"आपल्या काचंकडं बगायचं. धोतर फिरतंय, सदरा फिरतोय. गोरा, काळा, बाई, बाप्या, समदी त्याच बाकावर. येक म्हातारी यायची. मी आलो का सरकायची."

"लांब?"

"लांब न्हाई. जागा करून द्यायची." मग म्हणायचा, "दाजी, त्या गावात मी धा-बारा वर्सं ऱ्हायलो. मला बगून सरकून जागा करून देनारी तेवडी येक म्हातारी."

त्याच्या घरमालकिणीकडं एक जुनं मशीन होतं. तळघरात पडलेलं. ती त्याच्या मागं लागायची, घे, फुकटात पडल्यासारखं पडेल, दर शनिवारी भिजत जातोस आणि नाणी घालून येतोस, तुला हिशेब कळतो का? कारखान्यातले सोबतीही म्हणायचे, स्वस्तात मिळतंय तर घे. हा नाही म्हणायचा. वर्षानुवर्षं नाही म्हणायचा. सगळ्यांना वाटायचं, हा चिक्कू आहे किंवा खुळा आहे.

मी विचारलं, "का न्हाई घेतलंत?"

"घेतलं आसतं तर शनवारी कुटं बसलो आसतो?"

हे लक्षात ठेवा. ज्यानं स्वतःसाठी मशीन घेतलं नाही, त्यानं शेवटी ते घेतलं. कशासाठी, ते सांगतो.

आमच्याकडं थंडीत धरणाचं पाणी सुरीसारखं असतं. चिखल तुडवत खाली जायचं, दगड गाठायचा, मग हात घालायचा. माझ्या बायकोची बोटं आधी पांढरी पडायची, मग निळी, मग घरी आल्यावर चुलीपुढं ती दात खाऊन बसायची. पुढं सांधे सुजायला लागले. पौडला डॉक्टरकडं नेली. त्यानं बोटं एकेक दाबून बघितली आणि म्हणाला, "गार पाण्यात हात घालायचा नाही. नाहीतर ही वाकतील आणि वाकलेलीच राहतील."

मी विचारलं, "मग कापडं कोन धुनार?"

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, त्याला उत्तर सुचत नाही.

मेव्हण्याला वर्षातून दोन पत्रं जायची. मी चौथी शिकलोय, मीच लिहायचो. त्या पत्रात लिहिलं, हिची बोटं धरतात, डॉक्टरने गार पाण्यात हात घालू नको म्हणून सांगितले आहे, बाकी क्षेम. त्याचं उत्तर आलं. अर्ध्या पत्रात बैलांची चौकशी आणि शेवटी एक ओळ. तिकडे विजेचे दिवे आले का, उलट टपाली कळवणे.

आता आमच्याकडचं सांगतो. पाणी आमचं. ते डोंगरातून घाटाखाली उतरवतात, तिथं त्याची वीज होते आणि ती वीज मुंबईला जाते. आमच्या घरात चिमणी. पण धरणाच्या भिंतीजवळ साहेबांची वसाहत होती, तिथं विजेचे दिवे. दिवस मावळला की ते पाण्यापलीकडं रांगेनं लागायचे. पाव्हणेरावळे आले की आम्ही त्यांना ओट्यावर बसवून ते दाखवायचो, जसं काही आमचेच.

पत्र हातात घेऊन मी बसलो. विलायतेत राहणाऱ्या मेव्हण्याला 'नाही आले' असं लिहायला माझा हात होईना. त्याची बहीण अंधारात दिली, असं त्याला वाटेल. मी लिहिलं: दिवे ओट्यावरून दिसतात.

एक अक्षर खोटं नाही. आजही कुणी ते पत्र काढून दाखवावं.

वर्षभरानं तो आला तो लाकडी खोका घेऊन. बोटीनं मुंबईला, रेल्वेनं पुण्याला, धरणावर सिमेंट नेणाऱ्या ट्रकनं रस्त्यापर्यंत आणि तिथून आमच्या बैलगाडीनं दारात. पाच जणांनी उतरवला. फळ्या उचकटल्या तर आत पांढरं पिंप, चार चाकांवर. एका बाजूच्या रंगाचा टवका उडालेला. वरच्या अंगाला रबराचे दोन रूळ, एकावर एक, आणि ते फिरवायला दांडी. घरमालकिणीचं तेच ते मशीन.

बहिणीला म्हणाला, "बाय, आता तुजा हात पान्यात जायचा न्हाई. हितून कापडं टाकायची, वीज आतनं घुसळती. मंग ह्या रुळातनं काडायची, पिळून निगत्यात."

"आन मी काय करू?"

"तू बाकावर बसायचं."

गाव गोळा झालं होतं. बाया पिंपावरून हात फिरवत होत्या. यानं वायरीच्या टोकाचा तीन पायांचा प्लग हातात घेतला आणि घरात शिरला. भिंती बघत फिरला. माजघर बघितलं, पडवी बघितली, देवळी चाचपली. मग बाहेर आला.

"दाजी, भोक कुटं हाय?"

"कशाचं?"

"विजंचं."

दिवस मावळत होता. तेवढ्यात पाण्यापलीकडं वसाहतीचे दिवे लागले, एकामागून एक. मी हात करून दाखवले. तो ओट्याच्या कडेला उभा राहिला. हातात प्लग, मागं वायर ताणलेली. बराच वेळ बघत राहिला.

"दिसत्यात की," म्हणाला.

बस. एवढंच. असं का लिहिलंत, हे त्यानं मला मरेपर्यंत विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

तीच पुढं आली. "दादा, चालत नसलं तरी दिसाया झाक हाय."

"चालंल, बाय. कवातरी."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं विजेवाचून मशीन चालवलं. सकाळी हंड्यात पाणी तापवायचा, पिंपात ओतायचा, कपडे टाकायचा आणि विळ्यानं साल काढलेल्या दांडक्यानं घुसळायचा. तोंडानं घुर्रर्र आवाज करायचा, खरं वाटावं म्हणून. मग एकेक कपडा रुळाच्या तोंडाला द्यायचा आणि दांडी फिरवायचा. नऊवारी लुगडं या बाजूनं ओलंचिंब आत जायचं आणि त्या बाजूनं कागदासारखं चपटं बाहेर यायचं. ती ओट्यावर बसायची, हात पदरात घेऊन. मधूनच म्हणायची, "दादा, किती ऱ्हायलं?" तो म्हणायचा, "अर्धं धुनं." आणि ती हसायची. ते हसणं मी माझ्या घरात त्याआधी ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हा आवडलं नाही.

दोन महिन्यांत तिच्या सांध्यांची सूज उतरली. कासारीण बांगड्या भरायला आली तेव्हा दरवेळी ही ओरडायची, त्या खेपेला ओरडली नाही. कासारीण मला म्हणाली, "मूठ लोन्यासारकी जाली की." मी ऐकलं. मला सगळं दिसत होतं. कुणी असं समजू नये की दिसत नव्हतं.

पण मशीन होतं अंगणात आणि अंगण रस्त्याला. जाणारा-येणारा थांबायचा. न्हाव्याकडं बसलो की कुणीतरी म्हणायचं, "दाजींनी विलायती परीट ठेवलाय म्हनं." दुसरा म्हणायचा, "लुगडी बी धुतोय. दाजी नशिबाचा." मी मान खाली घालून दाढी करून घ्यायचो. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं असायचं.

एक दिवस कुंपणापाशी पाच-सात जण उभे होते आणि हा रुळातून तिचं लुगडं काढत होता. मी वावरातून आलो आणि म्हणालो, "उद्यापास्नं ह्ये बंद."

"का, दाजी?"

"बायकूची लुगडी भावानं धुवायची, आन मी काय मेलोय?"

त्यानं दांडी थांबवली. शांतपणे म्हणाला, "न्हाई ना मेलाय. मंग तुमी धुवा. मी शिकवतो. येका धुन्याचं काम हाय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच मला शिकवायचं होतं. त्यानं बाजूला सरकून मला दांडीपाशी जागा करून दिली. कुंपणावरची माणसं हसली. मी त्या जागेत उभा राहिलो नाही.

तो दर महिन्याला पुण्याला विजेच्या कचेरीत जायचा. अर्ज करायचा, आमच्या गावाला वीज द्या म्हणून. साहेबांना नीट कळावं म्हणून त्यानं वायरीचा प्लग कापून घेतला होता, तो कोटाच्या खिशात घालून न्यायचा आणि टेबलावर ठेवायचा. त्या भांडणानंतर तो असाच पुण्याला गेला. मी मशीन ढकलत गोठ्यात नेलं. रूळ काढून माळ्यावर टाकले. पिंपाची उंची म्हशीच्या तोंडाला बरोबर आली. त्यात पेंड भिजवली.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर गाठोडं घेऊन खाली पाण्यावर गेली. काही बोलली नाही. मला वाटलं होतं बोलेल.

तो आला. गोठ्यात गेला. म्हशीचं तोंड पिंपात होतं. तिच्या मानेवर थाप मारून म्हणाला, "रंग जाईल गं तुजा." बाहेर येऊन जेवला, झोपला. आणि दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर जाऊन बसायला लागला.

म्हणजे सुरुवातीला सांगितलं ते त्यानंतरचं. बाया तक्रार घेऊन आल्या, मी जाऊन त्याला उठवला. सगळ्यांसमोर. वाटेत म्हणालो, "माज्या अब्रूची जरा तरी चाड ठेवा. ह्ये विलायत न्हाई."

"न्हाई," तो म्हणाला. "हितं बाक न्हाई."

त्या आठवड्यात तो पुण्याला निघून गेला. छावणीच्या बाजूला एका लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं, तिथंच मागं राहायचा. जाताना बहिणीला एवढंच म्हणाला, "जमलं तर पानी तापवून घेत जा, बाय." मला म्हणाला, "येतो, दाजी," आणि माझा खिसा उलटा करून बघितला. रिकामा होता.

पुण्यात तो तीन वर्षं होता. अर्ज चालूच होते. आमच्याकडं आला नाही. पावसाळ्यात छाती भरली आणि सरकारी दवाखान्यात गेला. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. लाँड्रीवाल्यानं त्याचं सामान एका गाठोड्यात बांधून एसटीच्या कंडक्टरकडं दिलं. बंद घड्याळ, दोन धोतरं आणि तो काळा कोट. कोट मळला होता. ती तो धुवायला घेऊन बसली आणि त्यानं शिकवल्याप्रमाणं आधी खिसा उलटा केला. आत प्लग.

दुसऱ्यांचे खिसे तपासत जन्म गेला त्याचा. स्वतःचा तपासायचा राहिला.

तिनं तो पुसून पदराच्या गाठीला बांधला. पुढं किती दिवस तिथं होता, मला माहीत नाही. मी बघितलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी खांब आले. तार ओढायला आलेला वायरमन आमच्या दाराशी थांबला आणि म्हणाला, "धुण्याच्या मशीनवालं हेच का घर? आमच्या हापिसात तुमच्या नावाची एवढी जाड फाईल आहे. साहेब म्हणाले, आधी त्या गावाला द्या म्हणजे तो माणूस यायचा थांबेल."

मी म्हणालो, "तो थांबलाय."

वायरमननं आत एकदा डोकावून बघितलं. "मग मशीन कुठंय? जोडून देतो. भोक कुठं पाडू, सांगा."

तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. पदराची गाठ सोडली होती आणि प्लग हातात होता. तिची बोटं तोवर वाकायला लागली होती, त्यामुळं तो तळहातावर नुसता ठेवल्यासारखा दिसत होता. ती माझ्याकडं बघत होती.

मशीन गोठ्यात होतं. त्यात पेंड होती. दाखवायचं म्हणजे वायरमनपुढं म्हैस बाजूला करायची आणि सांगायचं की हे मी केलं. आणि चाललं असतं तर मेव्हण्याचं खरं झालं असतं, आणि माझं चार वर्षांपूर्वीचं खोटं. या सगळ्याला किती वेळ लागला विचार करायला? पाव धुणंसुद्धा नाही.

मी म्हणालो, "ते मोडलंय."

ती आत गेली. तो प्लग मला पुन्हा दिसला नाही.

वायरमन म्हणाला, "मग नुसता दिवाच? कुठं लावू? आत चुलीपाशी लावून घ्या, मंडळींना बरं पडेल."

मी म्हणालो, "ओट्यावर लाव."

ओट्यावर, कारण तिथून तो पलीकडच्यांना दिसेल.

त्यानंतर ती तीन हिवाळे होती. तीनही हिवाळे पाण्यावर गेली. लुगडं भिजलं की किती जड होतं, हे मी कधी उचलून बघितलं नव्हतं. ती ते न पिळताच डोक्यावर घेऊन यायची, वाटभर पाणी गळायचं, पाठ भिजलेली. मी ओट्यावर बसलेला असायचो. म्हणायचो, "अंगन वलं करतीस. जरा पिळून आनता येत न्हाई?"

शेवटच्या आजारात, अंथरुणावर, ती एकदा आपण होऊन म्हणाली, "दादा पिळून द्यायचा."

"कवा?"

"पानवठ्यावर बसायचा तवा. बाया उटून गेल्या की यायचा, समदी लुगडी पिळून द्यायचा. त्यासाटीच बसायचा. तुमी उटवलंत त्याला."

"मंग मला सांगायचं न्हाईस?"

"तुमी इचारायचं न्हाईत?"

तिनं रागानं म्हटलं नाही. राग असता तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, मीठ कुठं ठेवलंय असं विचारावं तसं. मला ती ओली बाही आठवली. दंडाला धरलं होतं मी त्याला, माझ्या हाताला ते पाणी लागलं होतं.

म्हैस विकली. पिंप गोठ्यात आहे, तळ गंजून गेला. रूळ माळ्यावर, त्यांचं रबर उंदरांनी खाल्लं. धुणं आता मी धुतो. माझं एकट्याचं असतं. शिकवायला कुणी नाही, पण शिकण्यासारखं त्यात काही नाही, त्यानं खरं सांगितलं होतं. एका धुण्याचं काम आहे.

दिवा आहे ओट्यावर. तो जरा खाली लोंबतो, वायरमननं वायर लांब सोडली होती. थंडीत ती पाण्यावरून आली की संध्याकाळी दिवा लागायची वाट बघायची. लागला की त्याच्याखाली उभी राहायची आणि दोन्ही हातांची बोटं त्या काचेभोवती धरायची, पेला धरावा तशी. वाकलेली बोटं त्या गोलाला बरोबर बसायची. मी म्हणायचो, "काच फुटंल." ती म्हणायची, "थोडं थांबा." बराच वेळ धरायची.

परवा मी तसा उभा राहिलो. दिवा लागल्यावर थोड्या वेळानं दोन्ही हात लावले. चटका बसला. मी हात काढून घेतले. पुन्हा लावले, पुन्हा काढले. दहा आकडे मोजेपर्यंतसुद्धा धरवत नाही.

तिला एवढा वेळ कसं धरवायचं, हे विचारायचं राहिलं.